चार गाड्या आणि अब्बांची डावी बाजू

मी वाटूर सोडलं त्या सकाळी अब्बांनी जीपमध्ये एकही सवारी घेतली नाही. एरवी त्यांची काळीपिवळी वाटूर-मंठा रोडवर चौदा माणसं भरल्याशिवाय जागची हलायची नाही. त्या दिवशी आत आम्ही तिघंच होतो, आणि मागं माझी पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी. जालन्याच्या रस्त्यानं ओळखीची माणसं हात करत होती. अब्बा मान बाहेर काढून प्रत्येकाला सांगत होते, आज न्हाई, पोरीला सोडायला चाललो. जालना स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा अम्मी रडायला लागली. अब्बा मात्र बसच्या भोवती फिरत होते. सगळी टायरं बघून झाल्यावर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "टायर अच्छे हैं. जा."

वाटूरहून बाहेर पडलेल्यांचा आणि वाटूरला राहिलेल्यांचा आपला जो मोबाईलवरचा ग्रुप आहे, त्यात मागच्या महिन्यात कुणीतरी लिहिलं की ज्यानं त्यानं आपल्या पहिल्या गाडीबद्दल सांगावं. बऱ्याच जणांनी फोटो टाकले. मला गाड्यांचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून माझ्या नावानं दोनतीनदा विचारणाही झाली. मी लिहायला बसले, पण एका गाडीवर थांबता येईना.

गाडी चालवायला मला अब्बांनीच शिकवलं. बाजाराचा दिवस सोडला तर बाजारतळ मोकळा असायचा, तिथं. पाय पुरावेत म्हणून माझ्या पाठीशी रजईची घडी ठेवायचे. अम्मीला ते पसंत नव्हतं. अब्बा तिला म्हणायचे, गाडीको क्या मालूम कौन चला रहा. मोहल्ल्याला मात्र मालूम होतं, आणि दोघा-तिघांनी घरी येऊन ते बोलूनही दाखवलं. अब्बांनी त्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बाजारतळावर नेलं.

पुण्यात मी डोळे तपासायचा कोर्स केला आणि तिथल्याच एका दवाखान्यात लागले. चार वर्षांनी एका निवृत्त प्राध्यापकांकडून जुनी मारुती आठशे घेतली. तिचा रंग एकेकाळी हिरवा असावा. पहिल्याच सुट्टीत ती घेऊन एकटी गावाकडं निघाले. चहाला थांबले की लोक वाकून बघायचे, आत बाईसोबत आणखी कोण आहे म्हणून. दुपारी दारात पोचले तर अब्बा मला भेटायच्या आधी बॉनेट उघडून उभे. कान लावून इंजिन ऐकलं, कार्बोरेटर साफ केला, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढं आठवडाभर जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलं की पोरगी पुण्याहून एकटी गाडी घेऊन आल्ती.

लग्नानंतर राखाडी वॅगनआर आली, सीएनजीची. माझी मुलगी झोया दवाखान्यातून घरी आली ती या गाडीतून. तिच्या बारशाला... आमच्यात अकीका म्हणतात, त्याला अब्बा पुण्यात आले होते. डिक्की उघडून आत सिलिंडर बघितला आणि मंग सामान कुठं ठेवता, असं माझ्या नवऱ्याला, सलीमला, अगदी गंभीरपणे विचारलं. सलीमला गाड्यांमधलं काही कळत नाही. तो नुसता हसला.

गाड्या चांगल्या होत गेल्या तसं माझं वाटूरला जाणं कमी होत गेलं. मारुती होती तेव्हा मी वर्षातून चार-पाच वेळा जायचे. वॅगनआरच्या काळात दोनदा. मग तिसरी गाडी घेतली, लाल, डिझेलची, उंच. अशी गाडी असावी हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. तिच्यातून मी वर्षाकाठी एकदा, ईदला जायला लागले.

अशाच एका ईदच्या दुसऱ्या दिवशी मी अब्बांच्या हातात लाल गाडीची चावी दिली. मंठ्याला मावशीकडं जायचं होतं. त्यांना केवढा आनंद झाला. पांढरा कुर्ता घालून, सीट पुढंमागं करून, आरसे लावून निघाले. मी डावीकडं बसले होते. वाटूर फाटा सोडून थोडं पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती. दिवसाढवळ्या, एवढी मोठी. अब्बा तिच्या रोखानंच चालले होते. मला वाटलं आता वळवतील. मी ओरडले तेव्हा त्यांनी स्टेअरिंग ओढलं, तरी डावा आरसा फुटून माझ्या मांडीवर काचा आल्या.

अब्बांनी गाडी थांबवली आणि विचारलं, "क्या हुआ?"

ते शब्द ऐकले आणि मला सगळं कळलं. मी दिवसातून तीस-चाळीस माणसांचे डोळे बघते. मी त्यांना म्हटलं, अब्बा, सामने देखो, मान हलवू नका. माझा हात त्यांच्या डाव्या बाजूला धरला आणि विचारलं, कितनी उंगल्यां? ते समोर बघत राहिले.  मग अंदाजानं म्हणाले, "दो."

माझी मूठ मिटलेली होती.

परतीला गाडी मी चालवली. घरासमोर शेवंताबाई भेटल्या. त्या मंठ्याला भाजी विकतात, आणि अब्बांच्या जीपमध्ये पुढची सीट कायम त्यांची असायची. फुटलेला आरसा बघून त्यांनी नजर वळवली. मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाल्या, "दोन साल झाले माय. डाव्या अंगानं काही आलं की मीच सांगून राह्यले. समद्यायला ठावं हाय, म्हणून तर म्होरची शीट मला सोडतेत."

दोन वर्षं. रोज सात-आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला भरलेली जीप. लहान लेकरं, बाळंतिणी, शाळेचे मास्तर. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी मला कळवलं नाही. शेवंताबाईंना मी रागावून विचारलंही. त्या म्हणाल्या, तुमच्या बापानं शपथ घातल्ती. आणि मंग गाडीवरून उतरल्यावर त्यायनी काय करावं?

खरं तर विचारायला हवं होतं मी मला. त्या दोन वर्षांत मी अब्बांना दोन चष्मे पाठवले होते. नंबर फोनवर विचारून. सुट्टीत आले आणि तुमचे डोळे बघते म्हटलं की अब्बा म्हणायचे, यहाँ भी काम करती क्या, नक्को, बैठ. आणि मी बसायचे. गावातली म्हातारी माणसं दारात रांग लावायची, मी त्यांचे डोळे बघायचे, आणि अब्बा त्यांना पाणी द्यायचे.

त्यांना पुण्याला आणलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची कड खाल्लेली. डॉक्टर माझ्याच दवाखान्यातले. ते समजावून सांगत होते की गेलेली नजर परत येत नाही, आता औषधाचे थेंब टाकून उरलेली सांभाळायची. हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना सांगितलं आहे. त्या दिवशी ते ऐकताना मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत राहिले. अब्बांनी एकच विचारलं, वाटूर-मंठा रोडवर तरी चालवू का. त्या रोडको आँखां नक्को लगते, असं म्हणाले. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं.

महिनाभरानं अम्मीचा फोन आला की अब्बांनी जीप विकली. घनसावंगीच्या एका माणसाला. मला विचारलं नाही, पोरीला सांगू नका असंही घरात म्हणाले होते. जीप न्यायला तो माणूस आला तेव्हा अब्बा त्याच्या शेजारी बसून घनसावंगीपर्यंत गेले, तिसरा गिअर जरा अडतो, कसा टाकायचा ते दाखवत. तिकडून एसटीनं परत आले.

थेंब चालू होते, तरी उजवा डोळाही हळूहळू गेला. आता त्यांना उजेड कळतो, बाकी काही नाही. वर्षातले काही महिने ते आणि अम्मी आमच्याकडं पुण्यात असतात. त्यांना नेण्याआणण्यासाठी मी पुन्हा वारंवार वाटूरला जायला लागले आहे. लाल गाडी दिली, आता माझ्याकडं चौथी आहे, बॅटरीवरची. झोयाला तिचा आवाज नाही म्हणून आवडते. अब्बांना नेमका त्याचाच त्रास होतो. इंजिन ऐकू येत नाही, गिअर पडल्याचं कळत नाही, गाडी उभी आहे का चालली आहे हे त्यांना विचारावं लागतं.

मागच्या वेळी अम्मी आधीच गावी गेली होती. जालना सोडल्यावर अब्बा सावरून बसले. या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता. पण आता तो सिमेंटचा झाला आहे, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते. रामनगर आलं क्या, त्यांनी विचारलं. ते कधीच मागं गेलं होतं. नेर? तेही गेलं होतं. नंतर त्यांनी विचारायचं सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

वाटूर फाट्याला आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मागच्या खेपेनंतरच्या काही महिन्यांत फाटा पुन्हा बदलला होता. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना नवी दुकानं, जुनं लिंबाचं झाड गेलेलं. मी गाडी कडेला घेतली. अब्बांनी विचारलं, बाजूमे किसकी दुकान है, मैं बताता किधर मुडना. मी पाटी वाचून दाखवली. ते नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या शेजारची वाचली. तेही नाही.  अब्बांना विचारावं तर त्यांना दिसत नव्हतं, आणि मला सगळं दिसत असून काहीच ओळखू येत नव्हतं.

दुकानातला माणूस बाहेर आला. पुण्याचा नंबर बघून त्यानं नम्रपणे विचारलं, "कुठं जायचंय तुम्हाला?"

अब्बांनी आवाजाकडं तोंड वळवलं. सवाऱ्यांशी बोलायचे त्या मराठीत म्हणाले, "इथलेच हावोत आमी."

तो माणूस थांबला. अब्बांच्या चेहऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यानं ओळखलं नाही. पस्तीस वर्षं या फाट्यावर ज्यांनी गाडी लावली, त्यांना.

घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी अजून वाटूर म्हणते. त्या दिवशी मी काच आणखी खाली केली आणि गावात जुन्या मोहल्ल्याकडं वळायचं कुठून ते त्या माणसाला विचारलं. त्यानं हात करून दाखवलं, पुढून वळा, दुभाजक संपला की डावीकडं. अब्बा त्याचं बोलणं मान खाली घालून, लक्ष देऊन ऐकत होते, पाठ करून ठेवावं तसं.