तू गेल्तास का?

"मंग, तू गेल्तास का?"

बातमी कोणतीही असो, सरांचा पहिला प्रश्न हाच. धान्याच्या मोंढ्यातल्या आगीची असो की मंठ्याच्या बाजारात भाव पडल्याची, कागद हातात घेण्याआधी ते चष्मा कपाळावर चढवून विचारत. 'नाही' म्हटलं की कागद तसाच परत.

तुमच्यापैकी कोणी त्या काळी सकाळी रेडिओ लावत असेल, तर सरांचा आवाज ऐकलेला असणार. कितीतरी वर्षं त्यांनी बातम्या गोळा केल्या, वाचल्या. मग नव्वदच्या सुमारास चांगली चालती नोकरी सोडून ते जालन्यातल्या आमच्या कॉलेजात पत्रकारिता शिकवायला आले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पहिल्या दिवशी आम्ही त्या भारदस्त आवाजाची वाट पाहत बसलो होतो, आणि सर दारातूनच म्हणाले, "अरे, खिडक्या उघडा जल्दी, किती उकडून राह्यलंय!" आमचा जरा हिरमोडच झाला.

शिकता शिकता मी एका स्थानिक दैनिकाला बातम्या देत असे. एकदा एमआयडीसीतल्या लोखंडी सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये अपघात झाला. मी चहाच्या टपरीवर ऐकलं आणि कामगार ठार झाल्याचं नावानिशी लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून त्याची बहीण धावड्याहून मिळेल त्या एसटीने रडत आली, तर भाऊ हाताला पट्टी बांधून ओट्यावर पेरू खात बसलेला!

आज हसू येतं. तेव्हा मी सरांना सांगितलं, "सर, मी कोर्स सोडतो. मला हे जमणार नाही." सरांनी स्कूटर काढली. "बस मागं."

त्या कामगाराच्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत होईना. सरच पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "हा माझा विद्यार्थी हाय. चूक माझी बी हाय." कामगाराची म्हातारी आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हन्तेत. पर माझी लेक रस्ताभर छाती बडवत आल्ती, बाबा." मी तिच्या पाया पडलो. तिने चहा टाकला.

पेपरात द्यायच्या खुलाशात मी 'नजरचुकीने' असं लिहिलं. सरांनी ते खोडलं. "तुझी नजर तिथं होती कुठं?"

त्या दिवशी त्या घरून परतताना मी विचारलं होतं, "सर, चूक माझी होती, तुम्ही कशाला आलात?"

स्कूटर हळू करत ते म्हणाले, "रेडिओवर बातमी वाचली की आपलं काम संपलं. ती कोणाच्या घरात जाऊन पडली, मला कधी दिसलं न्हाई. म्हणून तर नोकरी सोडून इकडं शिकवाया आलो, गड्या. कोर्स सोडायचं नाव काढू नको बिलकुल."

सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी याच कामात टिकलो तो त्यांच्यामुळे, आणि हे त्यांना तोंडावर कधी बोललो नाही. चुका अजूनही होतात. कोणाच्या तरी दारात माफी मागायला जावं लागतं. आता मी एकटाच जातो.