आमचा दरबार ऑनलाइन जातो

आमच्या घरी एक राजदरबार आहे, हे मी जगाला सांगायला नको होतं.

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर घडवणारं गाव. इथं फिजिक्सच्या सरांना लोक भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात आणि मराठीच्या सरांना विचारतात, "मग बाकीचा वेळ काय करता?" तर त्या बाकीच्या वेळात मी मोबाइल बघत बसलो होतो. पुण्याकडचं एक नाट्य-नृत्य संग्रहालय रोज जुन्या रंगभूमीचं काहीतरी ऑनलाइन टाकायचं. कधी एखाद्या नर्तकीचे घुंगरू, कधी नाटकांची हँडबिलं, कधी रंगवलेले पडदे. त्या दिवशी त्यांनी राजदरबाराचा एक जुना पडदा टाकला होता. खाली लोक 'वा' आणि 'अप्रतिम' लिहीत होते. मी लिहिलं, 'आमच्याकडे याहून मोठा आहे.'

दुसऱ्या दिवशी संग्रहालयातून सायली मॅडमचा फोन आला.

"सर, मराठवाड्यातल्या हौशी रंगभूमीचं आमच्याकडे जवळजवळ काहीच नाही. आपण तुमच्या घरूनच लाइव्ह करू या का? मागे पडदा, पुढे तुमचे वडील, आणि माहिती तुम्ही सांगा."

माहिती तुम्ही सांगा! इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी जागच्या जागी विरघळलो.

"येत्या रविवारी चालेल?" मॅडमनी विचारलं.

"अवश्य," मी म्हणालो. पडदा शेवटचा कधी पाहिला हे आठवण्याचा प्रयत्न मी फोन ठेवल्यावर केला.

तो पडदा अण्णांच्या नाटक मंडळीचा. अण्णा म्हणजे माझे वडील. दिवसा एसटीत कारकून आणि संध्याकाळी राजा. आवाज मोठा आणि पाठांतर कच्चं, म्हणून मंडळी त्यांना कायम राजाचंच काम द्यायची. (राजा अडखळला तरी प्रधानाला हसता येत नाही.) पुढे मंडळी पांगली, पेटी-तबला कुणी नेला, तलवारी कुणी नेल्या, आणि पडदा आमच्या वाट्याला आला. मधोमध सिंहासन, दोन्ही बाजूंना खांब, वर झुंबरं.

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आख्खं लातूर घराबाहेर झोपत होतं. अण्णांनी पडदा काढून समोरच्या मोकळ्या जागेत तंबूसारखा बांधला आणि आमची गल्ली दरबारात झोपायला लागली. चारेक दिवसांनी आई मला आणि ताईला घेऊन जळकोटला मामाकडं गेली. अण्णा ड्युटीसाठी लातुरातच राहिले. आम्ही परत आलो तेव्हा पडदा घडी होऊन माळ्यावर गेला होता. त्यानंतर तो मी पाहिलेला नव्हता, आणि 'याहून मोठा' असं मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं.

जेवताना मी बातमी फोडली. अण्णांचा घास हातातच राहिला.

"कशाला उगं?" ते म्हणाले.

"अण्णा, सगळा महाराष्ट्र बघणार आहे तुम्हाला."

"मला बघू दे की. पडदा कशाला पायजे? जुनं फडकं ते. निस्तं बोलतो मी."

मला वाटलं, काय हा विनय! त्यांनी अर्धी भाकरी ताटात सोडली. मला वाटलं, आनंदानं भूक गेली.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"कोणता पडदा म्हणून राहिलास तू?"

"आपला. दरबाराचा. माळ्यावरचा."

आईनं गॅस बारीक केला. "हाय तो. पण माळ्यावर न्हाई. अन् एका जागी बी न्हाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा घरोघरी खोल्या पोरांना भाड्यानं गेल्या, तशा आमच्याही वरच्या मजल्यावरच्या गेल्या. एका खोलीत दोन पोरं. एकाला लाइट लावून अभ्यास करायचा असे, दुसऱ्याला झोपायचं असे. आईनं मध्ये आडोसा म्हणून दरबार लावला. अर्धाच पुरला. उरलेला अर्धा निलंग्याला सुनंदाताईच्या घरी गेला आणि तिथं तो सोयाबीनच्या ढिगावर होता.

"अण्णांना माहीत आहे?"

"कसं आसंल? गुडघे गेल्यापासून वर चढतेत कुठं ते? मी सांगते, माळ्यावर हाय, डांबराच्या गोळ्या टाकून." मग तिचा आवाज खाली आला. "त्यान्ला कळू देऊ नको रे. त्यांच्या मंडळीचं तेवढंच ऱ्हायलंय."

आई कुणाला घाबरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "काळजी करू नकोस. मी आहे." (आमच्या घरातली बहुतेक संकटं या वाक्यानंतर सुरू झालेली आहेत.)

वरच्या खोलीतली पोरं सुटीत गावी गेली होती, त्यामुळे पहिला अर्धा सहज उतरवला. खांबांवर वरपासून खालपर्यंत षटकोनी नक्षी होती. मला ती भारी वाटली. मग निलंग्याची एसटी पकडली. ताईनं दुसरा अर्धा दिला, पण आधी माझ्याकडून नवी ताडपत्री वसूल केली. येताना कंडक्टरनं खांद्यावरचं वेटोळं बघून विचारलं, "सतरंजी का?"

"दरबार आहे," मी म्हणालो.

"मग मागच्या शिटावर ठिवा."

दोन्ही तुकडे मी सलीमचाचांकडे नेले. आमच्याच गल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. मंडळीचे अंगरखे तेच शिवायचे, आता क्लासच्या पोरांच्या पँटींच्या चेनी बदलतात. त्यांनी तुकडे जमिनीवर अंथरले, चष्मा वर केला, खाली केला.

"बेटा, ये दोन बाजू हायेत. मधला तख्त किधर हाय?"

मधोमध, जिथं सिंहासन असायला हवं होतं तिथं, चांगलं खाटेएवढं भोक पडत होतं. मी धावत आईकडं गेलो.

"ते मी न्हाई केलं," आई म्हणाली. "मी उघडला तवाच भोक होतं. म्हणून तर मधून कापला. उंदरानं खाल्ला आसंल."

"आई, चारी बाजू सरळ आहेत. उंदीर पट्टी लावून खातो का?"

"त्या वक्ताचे उंदीर तसलेच होते," असं म्हणून तिनं विषय संपवला.

भोक झाकायचा उपाय मला सुचला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला. भोकापुढे खुर्ची ठेवायची, तिच्यावर लाल शाल टाकायची आणि तिच्यात अण्णांना बसवायचं. सिंहासनाच्या जागी सिंहासन, राजाच्या जागी राजा. सलीमचाचांनी भोकाच्या वर आणि खाली टाके मारून दरबार जोडून दिला. एका बाजूचं झुंबर दुसऱ्या बाजूच्या झुंबरापेक्षा वीतभर खाली आलं. "भूकंप में हल गया बोलो," ते म्हणाले.

रविवारी अण्णा दाढी करायला बाहेर गेले तेवढ्यात आम्ही बैठकीत पडदा टांगला. अण्णा परत आले, दारात थांबले आणि पडद्याकडे बघत राहिले. आईनं पदराचं टोक दातात धरलं. मग गुडघ्यांच्या मानानं फारच चपळाईनं ते खुर्चीत जाऊन बसले आणि खुर्ची आणखी थोडी मागं सरकवून शाल दोन्ही बाजूंना पसरली.

मी मनात म्हटलं, याला म्हणतात रंगभूमीची जाण.

लाइव्ह सुरू झालं. मोबाइल माझ्या हातात होता. सायली मॅडम पुण्याहून बोलत होत्या. मी प्रास्ताविक केलं, ते जरा लांबलं. बघणाऱ्यांत माझे पुष्कळ विद्यार्थी दिसत होते, कारण वर्गात मी ते सक्तीचं केलं होतं. माझ्या तासाला न बसणारी पोरं हजर बघून मला स्फुरण चढलं.

"सर, एक विचारू का?" मॅडम म्हणाल्या. "खांबांवर ही षटकोनी नक्षी आहे ना, ती मी आजवर कुठल्याच नाटकाच्या पडद्यावर बघितली नाही. हे काय असावं?"

'माहीत नाही' हे दोन शब्द मराठीत आहेत, आणि मी मराठीचा प्राध्यापक आहे. तरी मी म्हणालो, "उत्तम प्रश्न. हा निजामकालीन जाळीकामाचा प्रभाव आहे. हैदराबादच्या महालांत अशीच षटकोनी जाळी आढळते."

(हैदराबादला मी एकदाच गेलोय, मेहुण्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी.)

"किती महत्त्वाचं आहे हे," मॅडम म्हणाल्या. "जरा जवळून दाखवा ना."

मी मोबाइल खांबाला भिडवला. तेवढ्यात खाली कुणीतरी लिहिलं, 'सर, हे बेंझिन आहे.'

मला वाटलं, पोरांना गोडी लागली. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, "बरोबर. बेंझिन हा त्या काळातल्या रंगाचा एक प्रकार होता."

त्यानंतर अक्षरं भराभर धावू लागली. 'शेजारच्या खांबावर टोल्युइन आहे.' 'खालून तिसऱ्यात एक बाँड चुकलाय.' 'निजामानं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा क्लास लावला होता का सर?' मॅडम खोकल्या. तो खोकला नव्हता हे मला नंतर कळलं.

आईला यातलं काही दिसत नव्हतं, पण मी संकटात आहे एवढं तिला कळलं. ती स्वयंपाकघरातून मदतीला धावली, आवाजानं.

"आरं ते वरच्या पोरांनी काढलंय. आडोशाला लावला होता तवा. पेन दिसला की गिरवायचे मेले."

अण्णांनी मान वळवली.

"वरच्या पोरांनी? पडदा वर कशाला गेला होता?"

आई दारात आली. हाताला पीठ होतं. मोबाइल बंद करावा हे माझ्या डोक्यात आलं, पण बटण कुठलं ते आठवेना, आणि घाबरून मी तो आईकडे वळवला.

"मी नेला वर," आई म्हणाली. "अन् कापला बी मीच. अर्धा सुनंदाला दिला. काय म्हणायचं ते म्हणा, पण ह्याला बोलू नका. मीच म्हणलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हणून."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कापला? कुठून कापला?"

"मधून. भोक होतं तिथून."

अण्णा खुर्चीचे हात धरून सावकाश उठले आणि त्यांनी खुर्ची बाजूला ओढली. दरबाराच्या ऐन मध्यात चौकोनी भोक उघडं पडलं. त्यातून आमचा कूलर आणि त्याच्यावर वाळत घातलेला माझा बनियन दिसत होता. मोबाइल माझ्या हातून तिकडं वळला होता आणि उभा महाराष्ट्र तो बघत होता.

"भोक माझं हाय," अण्णा म्हणाले.

मग ते बोलले, पण राजाच्या आवाजात नाही. आम्ही जळकोटला असताना भूकंपाच्या गावातून एक कुटुंब आलं होतं आणि आमच्या समोरच्या जागेत उतरलं होतं. बाई बाळंतीण. पाऊस लागला. सगळा पडदा गळत होता, सिंहासन तेवढं गळत नव्हतं, कारण पेंटरनं तिथं रंगाचे थरावर थर दिले होते. अण्णांनी फार विचार केला नाही की काही नाही. कात्री घेतली, तेवढा तुकडा कापला आणि त्या बाईच्या डोक्यावर बांधून दिला. पुढं ती माणसं नातेवाइकांकडं गेली. जाताना तुकडा परत देत होती, अण्णांनी घेतला नाही.

"मंडळीला काय सांगणार? राजानंच सिंहासन कापलं म्हणून?" अण्णा म्हणाले. "म्हणून घडी घातली अन् माळ्यावर टाकला. हा परवा म्हणला पडदा काढायचा, तवापासून मला जेवण जाईना."

"मला सांगायला काय झालं होतं?" आई म्हणाली.

"तू म्हणली असतीस, चादर द्यायची, पडदा कशाला."

"चादर बी दिली असती मी. दोन्ही दिलं असतं." तिनं पिठाच्याच हातानं डोळे पुसले. "अन् मी इतके वर्षं उंदराला शिव्या देऊन राहिले."

अण्णा हसायला लागले. मग तीही. हसता हसता अण्णांनी शाल उचलून तिला खुर्चीत बसायची खूण केली. ती नको नको म्हणत बसली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं आणि मागं कूलर होता, तरी दरबार एकदम भरल्यासारखा वाटत होता.

मला वाटलं, आता समारोप करावा. मी घसा साफ केला. "तर रसिकहो, रंगभूमी आणि समाज यांचं हे जे नातं..."

"सर," पुण्याहून मॅडमचा आवाज आला, जरा ओला, पण ठाम. "तुम्ही प्लीज बोलू नका. फक्त फोन स्थिर धरा."

नंतर त्यांनी अण्णा-आईंबरोबर आणखी दोन-तीनदा लाइव्ह केलं. अण्णा राजांचे किस्से सांगायचे, आई त्यांचं चुकलेलं पाठांतर सांगायची. सलीमचाचाही एकदा येऊन अंगरख्यांवर बोलून गेले. बघणारे वाढत गेले. त्या भोकासकट पडदा आता संग्रहालयाच्या पानावर आहे. खाली सगळ्यांची नावं दिली आहेत. मी उत्सुकतेनं एकेक वाचत गेलो. आठवणी, अण्णा आणि आई. शिलाई, सलीमचाचा. रसायनशास्त्रीय दुरुस्त्या, माझ्या वर्गातली एक मुलगी. माझंही नाव आहे, अगदी तळाला, आणि हुद्दा लिहायला मॅडम विसरलेल्या नाहीत: 'मोबाइल स्टँडऐवजी, प्राध्यापक दिलीप सर, मराठी विभाग.'