कलम डोमाजीभाऊंचं, नाव माझं

मुंबईला अधिवेशनात होतो, तेव्हा कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं. डोमाजीभाऊ गेले. जाऊन चार दिवस झाले होते. खरं सांगतो, मला आधी रडू नाही आलं, रागच आला. अरे, या माणसाशी माझं निम्मं भांडण अजून बाकी होतं! नागपूरला विधानसभा होती तेव्हा ते विरोधी बाकावर, मी सत्ताधारी. दिवसभर एकमेकांवर तुटून पडायचं, आणि अधिवेशन उठलं की नागभीडला येणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीत शेजारी शेजारी बसायचं. आता महिना उलटला, राग निवला. तेव्हा एक गोष्ट कबूल करून टाकतो, जी त्यांच्या हयातीत करायला हवी होती.

डोमाजीभाऊ जातीनं ढीवर, तलावाच्या पाळीवर वाढलेले. शाळा चौथीपर्यंत. मी शाळामास्तर, त्यामुळे सभागृहातही ते मला मास्तरच म्हणत. गाडीत त्यांच्या फडक्यात भात आणि सुकी मासोळी असायची. फडकं सुटलं की आमच्या डब्यातले निम्मे उतारू पुढच्या स्टेशनावर डबा बदलत. "आता पाय पसरा जी मास्तर," ते म्हणायचे, "एवढी जागा तुमच्या सरकारनं तरी देली असती का?"

त्या साली गावतलावांवरच्या मासेमारीचं विधेयक आलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली होती, तलाव सरकारचे झाले होते, आणि विधेयकात लिहिलं होतं की मासेमारीचा हक्क लिलावानं द्यायचा. म्हणजे शहरातला ठेकेदार येणार, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात जाळं टाकणारे ढीवर पाळीवर बसून बघणार. डोमाजीभाऊंना झोप लागेना. एका प्रवासात त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी माझ्या गुडघ्यावर कागद ठेवून दुरुस्ती लिहिली... गावच्या ढिवरांची सोसायटी असेल तर तलाव आधी तिला, लिलाव नंतर. "तुमच्या बाजूनं बोलता येणार नाही," मी म्हणालो, "पण विरोधात तोंड उघडणार नाही, शब्द देतो."

आमच्या प्रतोदांचा हुकूम सोपा होता. समोरून आलेली दुरुस्ती वाचायची नाही, पाडायची. अध्यक्षांनी अनुकूल कोण, प्रतिकूल कोण, असं विचारलं, आणि आमच्या बाकांवरून "नाही, नाही" असा गजर उठला. त्यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? माझा! सवय हो, दुसरं काय. माझ्याच हस्ताक्षरातलं कलम मीच ओरडून पाडलं. शरमेनं मला धरणी ठाव देईना. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो, तर हा गृहस्थ खो खो हसायला लागला.

"काय जी मास्तर! पोराईले गप्प बसवाचा आवाज माह्यावरच काढला?" मग डोळे पुसत म्हणाले, "कलम वाईट नाई जी. बाक वाईट आहे. पुढच्या वेळी तुमच्या बाकावरून आणा."

"आणि तुमचं नाव?"

"मासोळी नाव वाचून जाळ्यात येते का?"

पुढच्या अधिवेशनात तेच कलम, एक कानामात्रा न बदलता, मी आणलं. निवडणूक तोंडावर आली होती, ढिवरांची मतं विरोधकांकडे वळतील या धास्तीनं मंत्रीही मऊ झाले होते. तरी आमच्यातले काही कुरकुरत होते. तेवढ्यात डोमाजीभाऊ उठले आणि गरजले, "हे कलम म्हणजे सरकारचं ढोंग आहे! माहा याले विरोध आहे!" झालं. ते विरोध करून राह्यले म्हटल्यावर कुरकुरणारे सगळे एका क्षणात माझ्या मागे उभे राहिले. कलम मंजूर. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते कागदात डोकं घालून हसू दाबत होते.

पुढे आमचा भाग मुंबई राज्यात गेला, मतदारसंघांची नवी आखणी झाली आणि आमच्या दोघांची गावं एकाच मतदारसंघात आली. आम्ही एकमेकांविरुद्ध उभे! गावोगावी 'तलाववाले आमदार' म्हणून माझ्या गळ्यात हार पडत होते. मला रोज वाटायचं, आज डोमाजीभाऊ सभेत खरं बोलणार आणि माझी फजिती होणार. ते एकदाही बोलले नाहीत. आणि मी? मीही नाही बोललो. हार कोणाला नको असतात? मी चांगल्या फरकानं निवडून आलो, ढिवरांच्या टोल्यांवर, त्यांच्या वस्त्यांवरसुद्धा. मुंबईला निघालो तेव्हा ते स्टेशनवर पोचवायला आले होते. मी मनातल्या मनात म्हणालो, मास्तर, तुम्ही काही साधे गडी नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. आवारात कुंपणावर जाळी वाळत होती, सोसायटीच्या तलावावरून नुकतीच आलेली. त्यांच्या पत्नी सखूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. कलम त्यांचं होतं, मतं मला मिळाली, मी गप्प बसलो. वाटलं, आता बाई चार शब्द सुनावतील.

बाई पदराआड हसल्या. "आमाले माईत आहे जी मास्तर. साऱ्या टोल्याले माईत होतं. यायनंच घरोघरी जाऊन सांगतलं, मास्तरलेच मत टाकजा म्हणून."

"काऊन?" माझ्या तोंडून निघालं.

"म्हणत, काम करून बी मास्तर पडला, तं त्याच्या पक्षात पुन्हा कोणी तलावाचं नाव नाई घेणार."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि तुम्ही?"

"म्या यायलेच टाकलं. नवऱ्याले घरचं एक तरी मत नको का जी? तं माह्यावरच चिडले. म्हणाले, तुवं फुकट घालवलंस, म्या तं मास्तरले देलं."

मी मान खाली घातली. त्या निवडणुकीत मी माझं मत मलाच टाकलं होतं.