परत करायचं राहिलेलं बटण

मास्टरजी येताना आधी त्यांच्या कात्रीचा आवाज यायचा. धागे कापायची बोटभर कात्री त्यांच्या हातात असायचीच, आणि ती रिकामीच वाजवत ते टेबलांमधून चालायचे. टिक, टिक, टिक. मागून कोणी एकदम आलं म्हणून बायका दचकू नयेत, यासाठी ते असं करत. त्यांना जाऊन आता पाच महिने झाले. तो आवाज मला अजून येतो. दुपारी जेवण झालं, सगळ्या कामाला लागल्या, की येतो. मी मान वर करत नाही.

फरीदाबादला आमचा कारखाना आहे. लहान मुलांचे कपडे शिवून परदेशात पाठवतात. मी चेकिंगला आहे. शिवून आलेला कपडा उलटासुलटा करून बघायचा, सुटलेले धागे कापायचे, शिवण, काज, बटणं तपासायची. आमच्या खोलीत सात टेबलं आणि सात बायका होत्या. मास्टरजी आमचे वरचे. त्यांचं टेबल खिडकीशी होतं, आमची आत, ट्यूबलाइटखाली.

आमचे हे फौजेत होते. दिल्लीच्या छावणीतून रिटायर झाले आणि इकडेच एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. मुलगी शाळेत होती, म्हणून गावी परत गेलो नाही. तेव्हा मी कामाला निघाले. कारखान्याच्या गेटवर एक फॉर्म दिला. त्यातला शिक्षणाचा रकाना बघून मी फॉर्मची घडी केली, पिशवीत घातली आणि परत फिरले. मी चौथी शिकलेली, तीही साताऱ्याकडच्या खेड्यात. मास्टरजी गेटजवळ चहा पीत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. आत नेलं, हातात एक झबलं दिलं आणि म्हणाले, “इसमें गलती ढूँढो.”

मी बराच वेळ बघत राहिले. सापडली, पण तोंडातून शब्द फुटेना. म्हणून त्या जागेवर नुसतं बोट ठेवलं. चार बटणं पांढऱ्या दोऱ्याने लावली होती, पाचवं जरा पिवळट दोऱ्याने.

“कल से आना, ताई,” ते म्हणाले. ताई हा शब्द त्यांनी कुठे ऐकला होता कोण जाणे. बाकी सगळ्यांना ते बहनजी म्हणायचे.

तो फॉर्म माझ्याकडे अजून तसाच कोरा आहे.

मास्टरजींची एक रीत होती. कोणाची चूक दिसली तर ते बोलायचे नाहीत. तो कपडा तिच्या टेबलावर ठेवायचे, वर एक करडं बटण ठेवायचे आणि पुढे जायचे. आपली चूक आपणच शोधायची. सुटीचा भोंगा व्हायच्या आत खिडकीपाशी जाऊन बटण परत करायचं आणि काय चुकलं ते हळूच सांगायचं. ते बटण डब्यात टाकायचे. विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्याचं नावसुद्धा काढायचे नाहीत.

आणि आम्हा बायकांची एक रीत होती, ती आम्हाला कोणी शिकवली नव्हती. कात्रीचा आवाज आला की सगळ्यांनी माना खाली घालायच्या. बटण कोणाच्या टेबलावर पडलं ते बघायचं नाही. विचारायचं तर मुळीच नाही. तेवढी लाज आम्ही एकमेकींची राखायचो.

तो शनिवार होता. पांढऱ्या शर्टांचा मोठा माल सुरू होता. एका पाकिटात दोन शर्ट जाणार होते. दुपारी टिक टिक आली, माझ्याजवळ थांबली, आणि माझ्यासमोर शर्ट आणि बटण ठेवून पुढे गेली. मला वर्षभरात बटण मिळालं नव्हतं. कान तापले. मी शर्ट उलटा केला, सुलटा केला. शिवण सरळ, काज नीट, बटणं घट्ट, धागा एकही सुटलेला नाही. काहीच सापडेना. थोड्या वेळाने वरून मास्टरजींना बोलावणं आलं. ते जिना चढून गेले. भोंगा झाला तरी खाली आले नाहीत. त्यांच्या टेबलावर चष्म्याचं घर उघडं पडलं होतं. तिथे बटण नुसतं ठेवून यायला मला धीर झाला नाही, कारण चूकच माहीत नव्हती. मी ते ओढणीच्या टोकाला बांधलं, शर्ट खणात सरकवला आणि घरी आले. सोमवारी सांगू, म्हटलं.

सोमवारी मॅनेजर दारात उभा राहून म्हणाला, “मास्टरजी अब नहीं आएँगे. चलो, काम करो.”

एवढंच.

कोणी म्हणालं मालकांशी भांडण झालं. कोणी म्हणालं छातीत दुखलं. फोन लावला तर बंद. खुंटीला त्यांचा निळा डगला तसाच लटकत होता आणि दार उघडलं की त्याची एक बाही हलायची. त्या बाहीकडे माझी पाठ असायची. तरी ती हलली की मला कळायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर पानिपतची एक बाई होती. तिच्या माहेरी हातमाग. बोलायला फटकळ. माझं गाव महाराष्ट्रात हे कळल्या दिवसापासून ती मला मराठन म्हणायची. मी काही बोलले नाही की डिवचायची, “अरी मराठन, हमारे गाँव में आकर हारे थे तुम लोग, तब से चुप हो क्या?” मी हसायचे. तिला उत्तर नको असायचं, हसणंच पुरायचं. मास्टरजी गेल्यावर तीसुद्धा गप्प झाली. मला वाटलं, दुःखाने.

आठवड्याने नवीन साहेब आले. तरुण, हातात टॅबलेट. गोड बोलणारे. म्हणाले की खर्च कमी करायचाय, सातजणी जास्त होतात. एकेकीला केबिनमध्ये बोलावून भेटणार, मग यादी लावणार.

त्या दिवसापासून बटण माझ्या मानगुटीवर बसलं. मास्टरजींनी माझी चूक वर सांगितली असणार. कुठेतरी माझ्या नावापुढे ती लिहिलेली असणार. मला विचारतील आणि मला ती चूक सांगतासुद्धा येणार नाही. दुसरीकडे मला कोण घेणार? तिथे कोणी झबलं हातात देऊन गलती ढूँढो म्हणणार नाही. तिथे तो रकानाच असेल. आणि खरं सांगायचं तर, या जगात मला एकच गोष्ट बऱ्यापैकी येते, आणि ती येते हे एकाच माणसाला माहीत होतं.

घरी मी विषय काढला.

“सीओ बदलला म्हणून पलटण थांबते का?” हे बूट काढत म्हणाले.

“पलटणीत कोणी काढून टाकत नाही पण,” मी म्हटलं.

“ते खरं.” मग गुडघा चोळत म्हणाले, “माझे गुडघे अजून दोन वर्षं काढतील. बघू.”

मुलगी फोनमधून वर बघत म्हणाली, “आई, चिल यार. तू इतकी परफेक्ट काम करतेस. बोल ना त्यांना.”

बोल ना. तिला वाटतं ते पाणी पिण्याइतकं सोपं आहे. काज म्हणजे काय हे तिला माहीत नाही, बटन का होल म्हणते, पण चारचौघांत उभी राहून बोलते. बटणाचं मी दोघांनाही सांगितलं नाही.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर ऊन असायचं, म्हणून सगळ्या डबे घेऊन वर जायच्या. एक दिवस मी शर्ट आणि बटण डब्याच्या फडक्यात गुंडाळून नेलं. म्हटलं, उन्हात तरी चूक दिसेल. टाकीच्या मागे जाऊन उलगडला, तर आतलं बटण घरंगळत गेलं आणि पानिपतवालीच्या चपलेपाशी थांबलं. ती माझ्यामागून केव्हा आली मला कळलं नव्हतं. आता ही सगळ्यांना सांगणार, असं वाटून मी मेल्यासारखी झाले.

ती वाकली. बटण उचललं. मग स्वेटरच्या आत हात घालून तिने दुसरं बटण काढलं. तसंच, करडं.

“कब का?” तिने विचारलं.

“शनिवारचं. त्या शनिवारचं.”

“मेरा भी.”

ती तशीच उन्हात गेली, डबे खाणाऱ्या बायकांपुढे दोन्ही बटणं धरून उभी राहिली आणि म्हणाली, “शरम-वरम छोड़ो. और किसके पास है?” मग एकीने पर्स उघडली. मग दुसरीने. सातजणींकडे सात बटणं निघाली. मास्टरजींनी त्या दिवशी प्रत्येक टेबलावर एक ठेवलं होतं आणि आम्ही माना खाली घालून बसलो होतो.

खणांतले बाकीचे शर्ट आणायला ती स्वतः खाली पळाली. गच्चीच्या कठड्यावर तिने सात शर्ट शेजारी शेजारी पसरले आणि डोळे बारीक केले. “ये एक थान का कपड़ा नहीं है,” ती म्हणाली. कापड दोन वेगळ्या ताग्यांतलं होतं. मग आम्हालाही दिसलं. चार शर्ट निळसर पांढरे होते, तीन दुधाळ. एकेकटा शर्ट बघितला तर पांढराच. ट्यूबलाइटखाली तर दोन्ही सारखेच. शेजारी ठेवून उजेडात बघितल्याशिवाय कळणार नाही अशी ती चूक होती. असे दोन शर्ट एका पाकिटात निघाले असते तर सगळा माल परत आला असता.

ती आमच्यापैकी कोणाचीच चूक नव्हती. मास्टरजी खिडकीशी बसून आमची वाट बघत होते. सातजणी आपापला शर्ट घेऊन येतील, तिथे उजेडात सात शर्ट एकत्र होतील, आणि आमचं आम्हालाच दिसेल. मग कदाचित सातजणींना घेऊन ते वर गेले असते. पण बोलावणं आलं तोवर एकही उठली नव्हती. ते एकटेच जिना चढले. वर काय झालं ते मला माहीत नाही. त्यांची पाठ मात्र मला दिसते.

“कल तेरा नंबर है,” पानिपतवाली मला म्हणाली. साहेबांच्या भेटीत माझा नंबर पहिला होता. “तू ले जा. मैं गई तो झगड़ा हो जाएगा. तेरी तो आवाज ही नहीं निकलती, तेरी सुन लेंगे.” सगळ्या हसल्या. किती दिवसांनी हसलो.

दुसऱ्या दिवशी मी सात शर्ट घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबांनी टॅबलेटकडे बघत विचारलं, “आंटीजी, पढ़ाई?”

“चौथी.”

त्यांनी काहीतरी टिपलं. मी शर्ट त्यांच्यापुढे ठेवले. “ये क्या है?” मला सगळं पाठ होतं. रात्रभर घोकलं होतं. एक शब्द निघेना. केबिनमध्ये ट्यूबलाइट होती आणि सातही शर्ट पांढरेशुभ्र दिसत होते. ते घड्याळ बघायला लागले. तेव्हा मी शर्ट उचलले, खिडकीशी गेले, पडदा सारला आणि तिथल्या फळीवर एकेक पसरला. जिथे निळसर संपून दुधाळ सुरू होत होतं तिथे बोट ठेवलं.

साहेब उठून आले. बघत राहिले. “ओह,” म्हणाले. मग विचारलं, “किसने पकड़ा?”

“मास्टरजींनी,” मी मराठीतच म्हणाले.

“वो तो गए. आपमें से किसने?”

इथे मी तिचं नाव घ्यायला हवं होतं. गच्चीवरून खाली कोण पळालं, थान कोणी ओळखलं, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही, शर्टांवरून बोट काढलं नाही, आणि साहेब त्या बोटाकडे बघत म्हणाले, “गुड. बहुत अच्छे. आप जाइए.”

पाकिटं फोडून सगळा माल पुन्हा लावायचं काम आठ दिवस चाललं. तोवर बाकीच्या सहाजणीही एकेक करून केबिनमध्ये जाऊन आल्या. मग यादी लागली. राहणाऱ्यांची चार नावं होती. पहिलं माझं. पानिपतवालीचं नव्हतं.

ती तिची कात्री आणि डबा न्यायला आली. मी उभी राहिले. कात्रीच्या आवाजाला घालतो तशा बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्या.

“साहब से क्या बोली थी तू?” तिने विचारलं.

“काहीच बोलले नाही,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतेय हे तिला कळलं, आणि त्याचा अर्थही कळला. तिने स्वेटरमधून आपलं बटण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आपटलं नाही. मास्टरजी ठेवायचे तसंच हलकेच ठेवलं.

“इस बार जीत गई तू, मराठन,” ती म्हणाली आणि गेली.

मला आता खिडकीचं टेबल दिलंय. उजेड चांगला आहे, म्हणून साहेबांनी तिथे बसायला सांगितलं. चौघींच्या नोकरीचं महिन्यामहिन्याने बघू, असंही सांगितलं. मास्टरजींचा डगला कोणीतरी नेला, पण बटणांचा डबा खणात आहे. पाचजणींनी आपापली बटणं त्यात टाकली. माझं आणि तिचं मी टाकलेलं नाही. दोन्ही टेबलावर, माझ्या डाव्या हाताशी असतात.

भोंगा व्हायच्या थोडं आधी टिक टिक पुन्हा येते आणि माझ्या टेबलापाशी थांबते. या वेळी मला चूक माहीत आहे. हळू आवाजात सांगायची असते, एवढंच. मी दोन्ही बटणं मुठीत घेते. मग भोंगा होतो.