मी न काढलेल्या देवी

भूतखेत, अंगात येणं, भगताचे कौल — या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण यात माझी एक लबाडी आहे आणि ती अकरा वर्षं मी एका पाड्याबाहेर कुणापाशी बोललो नाही.

जव्हार संस्थानात मी देवी काढायला फिरत असे. हिवाळाभर पेटी घेऊन पाड्यापाड्यांनी हिंडायचं, मुलांच्या दंडावर लस टोचायची, आठव्या दिवशी पुन्हा जाऊन फोड नीट उठला की नाही ते पाहायचं, आणि रजिस्टर भरायचं. त्या वर्षी मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. आदल्या पावसाळ्यात बायको गेली. मुलगी सासरी, नाशकाकडे. घरी बोलायला कुणी नाही, आणि वरून इन्स्पेक्टरसाहेबांचा तगादा — अमुक गाव का राहिलं, तमुक पाडा का राहिला… लोकांची पोरं मांडीवर घेणंही नकोसं झालं होतं.

पोशेऱ्याला पोहोचलो आणि पुढे सूर्यमाळचा चढ चढवेना. पाय धड होते, मनच उठत नव्हतं. तीन दिवस चावडीत आढ्याकडे बघत पडून राहिलो. चौथ्या दिवशी रजिस्टर उघडलं, वरच्या पाड्याच्या यादीतल्या सत्तावीस मुलांपुढे ‘टोचले’ लिहिलं, आठव्या दिवसाचा शेराही आधीच लिहून टाकला आणि जव्हारला परतलो. लसीच्या नळ्या घरामागे पुरल्या. काम वेळेत झाल्याबद्दल साहेबांनी पाठ थोपटली!

दीड महिन्यानं बातमी आली — खालच्या गावांत देवी आल्या आहेत.

त्या सकाळी नवीन नळ्या घेऊन मी जवळजवळ धावतच सूर्यमाळ चढलो. एकच विचार — त्या पाड्यातलं एक जरी पोर गेलं, तरी ते माझ्या अक्षरानं गेलं.

पाड्यात शिरलो तर प्रत्येक दारावर वाळलेली डहाळी. घरात देवी असल्याची ती खूण. तेवढ्यात लखमी सुईण कमरेवर हात ठेवून पुढे आली. माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. दरवर्षी टोचताना तीच पोरांना धरायची.

“काय रं टोच्या! आठव्या दिशी येतो बोललास, नि आता उगवतोस?”

मी पेटी खाली ठेवली.

“देवी घरात बसवून गेलास, तिला उठवायचं कोणी? तू येशील तवाच उठंल ना! दीड महिना पाड्यात सुकट नाय शिजली, डोक्याला तेल नाय. दोन लग्नं अडकलीत तुझ्यापायी!”

मागच्या बायका हसल्या. एक म्हातारा ओरडला, “आधी सुकटीचं बोल, लग्नाचं मग बघू!”

मी एका मुलाचा दंड ओढून बाही वर केली. खुणा होत्या. दुसऱ्याचा पाहिला, तिसऱ्याचा… खपल्या पडून गेलेल्या, दीड महिन्याच्या पक्क्या खुणा. आणि तिरक्या! मी डावखुरा, माझ्या खुणा नेहमी खाली उतरत जातात. आमचे डॉक्टर चेष्टेनं म्हणत, तुम्ही टोचलेलं पोर बाजारातसुद्धा ओळखू येतं.

मी मोजलं. सत्तावीस नव्हे, अठ्ठावीस. अठ्ठाविसावी लखमीची नात, माझ्या यादीनंतर जन्मलेली. तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं.

“तूच तर बोललास, हिचं पन लिहून घेतो,” लखमी म्हणाली.

तिथेच ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदा खरं बोललो. “लखमीबाई, मी आलो नव्हतो. मी पोशेऱ्यातूनच माघारी गेलो.”

कुणी हसलं नाही. लखमी पुढे येऊन माझ्यासमोर बसली.

“मंग ज्यानं आमच्यात बसून आंबील पिली, तो कोण? बायको गेली सांगून ढसाढसा रडला, तो?”

बायको गेल्यापासून मी एकदाही रडलो नव्हतो. ती गेल्याचं त्या पाड्यात कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी हात जोडले. कुणाला, ते मलाही कळलं नाही. मग प्रत्येक दाराशी जाऊन डहाळी उतरवली, देवीला उठवलं.

घरी येऊन जमीन उकरली. पुरलेल्या नळ्या तशाच होत्या, एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. त्या साथीत शेजारच्या पाड्यांतली पोरं गेली. सूर्यमाळच्या त्या पाड्यातलं एकही नाही.

कुणी म्हणेल, दुसरा कुणी टोचणारा आला असेल. त्या भागात दुसरा कुणी नव्हता. कुणी म्हणेल, भ्रमात मीच जाऊन आलो असेन. मग ती लस कुठली?

तेव्हापासून दर हिवाळ्यात सगळ्यात आधी तिथेच जातो. टोचून झालं तरी उठत नाही. बसतो, बोलतो. लखमी आता थकली आहे, पण पोरांना अजून तीच धरते आणि दरवर्षी ऐकवते — “तू पन बरा हायेस रं. पन त्याचा हात हलका. एक पोर रडलं नव्हतं त्या दिशी.”

अकरा वर्षं मी हात हलका करायचा प्रयत्न करतो आहे. पोरं रडतातच.