पिवळ्या बसमधल्या बाई

दारातून कुणी डोकं आत घातलं की चहाच्या पातेल्यावरची नजर न काढता बाई म्हणायच्या, "आत सरका, पुढं लई जागा हाय." पुढे एक पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि एक बाकडं एवढंच होतं. चार माणसं बसली की पाचव्याला गुडघे पोटाशी घ्यावे लागत. पण जिने जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, तिला गाडी भरली आहे हे कधीच पटत नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सगळं आयुष्य प्रवासात काढून कुठेच न गेलेली. बाई त्यातल्याच. निवृत्त झाल्या तेव्हा यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा पुण्यात. तो आईला घेऊन गेला, स्वतंत्र खोली दिली, सूनही मायेची. बाई एक हिवाळा तिथे अकराव्या मजल्यावर राहिल्या आणि परत येऊन त्यांनी एका शाळेने मोडीत काढलेली पिवळी मिनीबस विकत घेतली. गाडी चालवायलाही त्या साठीच्या उंबरठ्यावर शिकल्या. हा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"घंटी मी मारली, गाडी दुसऱ्यानंच थांबवली," त्या म्हणाल्या. "गावं नुसती दारातून बघितली. आता वाटंल तिथं थांबते."

त्यांचे वडील मेंढरांमागे फिरलेले, त्यामुळे आज इथे तर उद्या तिथे चूल मांडायचं त्यांना अप्रूप नव्हतं आणि लाजही नव्हती. फिरून आल्या की गाडी सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर, मारुतीच्या देवळाशेजारी उभी राहायची.

आता आमच्या कॉलनीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येकाला स्वतःचं पक्कं घर आहे, गच्चीवर टाकी आहे आणि टाकीत पाणी नाही. नळ आठवड्यातून एकदा येतो आणि तेही त्याच्या मर्जीने. बाईंची टाकी मात्र करमाडजवळच्या एका विहिरीवर भरलेली असायची. कॉलनीतल्या बायका बाईंची कीव करायला यायच्या आणि जाताना कळशी भरून न्यायच्या. जिला स्वतःचं घर नाही तिचं कसं होणार, या काळजीने त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे.

बाई सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगत की मी माझ्या मर्जीने अशी राहते, पोरगा रोज फोन करतो, गाडीतला पंखा त्यानेच बसवून दिलाय. लोक मान डोलवत आणि पुढच्याला सांगत की बिचारी मुलाला सांभाळून घेते. मीही सांगून पाहिलं. मला ते भोळा म्हणाले. शेवटी एका दुपारी समोरच्या काकूंनी चौथ्यांदा विचारल्यावर बाई कंटाळून म्हणाल्या, "व्हय, घरातनं काढलं पोरानं."

त्या दिवसापासून कॉलनीत आनंदीआनंद झाला. कुणाकडून पुरणपोळी, कुणाकडून भरल्या वांग्याचा डबा. खरं सांगून वर्षभर जे जमलं नव्हतं ते एका खोट्याने पाच मिनिटांत जमलं, आणि प्रश्न कायमचे बंद झाले. डबे बाई एकट्या खात नसत. संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी गाडीत जमायचो तेव्हा सगळे डबे उघडले जायचे.

आमच्यात कॉलनीचे अध्यक्षही होते. नोकरीत मोठे अधिकारी होते. निवृत्तीनंतर घरात कुणी ऐकेना म्हणून अध्यक्ष झाले. पहिल्या दिवशी ते रुमालाने बाकडं झटकून बसले. महिन्याभरात खिडकीची जागा त्यांची ठरून गेली. घरी आम्हा सगळ्यांना खुर्ची होती, पेपर होता, वेळेवर गोळ्या होत्या. फक्त कुणी आमची वाट पाहत नव्हतं. बाई पाहायच्या. उशीर झाला की फोन करून खडसवायच्या.

कधीकधी त्या आम्हाला फिरायलाही न्यायच्या. लासूर स्टेशनला भाजी आणायला, अजिंठ्याला निव्वळ चहा प्यायला. एकदा लासूरच्या अलीकडे एका मेंढपाळ कुटुंबाचा तळ लागला होता, तिथे बाईंनी गाडी थांबवली. त्यांच्यातल्या म्हातारीने गाडी आतबाहेर पाहिली. पलंग, शेगडी, टाकी, कशाचंच तिला नवल वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं की मेंढरं कुठं आहेत. मेंढरं नाहीत, म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "मग फिरता कशापायी?" ती म्हणाली. आमच्यातले दोघे पदवीधर होते, ते वाकून चाकांतली हवा तपासू लागले.

दिवाळीआधी बाईंचा मुलगा आला. आईच्या पलंगासाठी नवी गादी घेऊन आला होता. ती कारमधून उतरवत असतानाच आमचं शिष्टमंडळ पोचलं. अध्यक्षांनी त्याला आई या विषयावर चांगलंच सुनावलं. आईला उघड्यावर टाकून गाद्या कसल्या आणता, असं ते म्हणाले. पोरगा गादी डोक्यावर घेऊन तसाच उभा. कुणीतरी त्याचा तसाच फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला.

बाई गाडीच्या पायरीवर आल्या. "पोरगं माझं गुणाचं हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "खोटं मी बोलले. रोज रोज कुणाकुणाला समजवायचं, म्हणून बोलले."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, आईचं काळीज ते आईचंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगायला गेलो, तर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

फोटो फिरत फिरत गारखेड्याला मुलाच्या सासुरवाडीपर्यंत गेला. संध्याकाळी गाडीत आम्ही तिघंच होतो. मुलगा म्हणाला, "आई, तू राहा इथंच. लोकांचं मनावर घेऊ नको." बाई बराच वेळ नव्या गादीवरून हात फिरवत राहिल्या.

"लोकांचं नाय घेत मी," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या लेकरांनी आजोळी जाऊन ऐकायचं, की तुमच्या बापानं आजीला रस्त्यावर सोडलं? ते मला नाय सोसायचं. मी येते तुझ्यासंगं."

मला फार वाईट वाटलं. मुलाच्या नावावरचा डाग धुऊन काढायला त्यांच्याकडे दुसरा उपायच आम्ही ठेवला नव्हता.

कॉलनीने देवळासमोर समारंभ केला. माय-लेकरांची भेट घडवून आणल्याबद्दल अध्यक्षांनी आधी स्वतःचं आणि मग सगळ्यांचं कौतुक केलं. बाईंना शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी ते मुकाट्याने घेतलं आणि त्या मुलाच्या कारमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मग काच खाली करून बसची किल्ली माझ्या हातात ठेवली. आठवड्यातून एकदा गाडी चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरते, एवढंच म्हणाल्या.

मला गाडी चालवता येत नाही. दर रविवारी संध्याकाळी मी नुसतं इंजिन चालू करतो. पहिल्या रविवारी आवाज ऐकून दोघं आले आणि बाकड्यावर बसले. पुढच्या वेळी काकू आल्या. रिकामी शेगडी पुसून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

मागच्या रविवारी अध्यक्ष आले. खिडकीपाशी बसले. गाडी जागच्या जागी थरथरत होती आणि बाहेर देवळाची भिंत होती. त्या परत कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच तर पाठवलंत.

मी किल्लीला हात घातला, तेव्हा खिडकीतून नजर न काढता ते म्हणाले, "राहू द्या अजून थोडा वेळ."

मी राहू दिलं.