नाटेकरांची रोहू

रोज सकाळी मासळीबाजारात जाऊन कधीही मासा विकत न घेणारा माणूस अख्ख्या कलकत्त्यात एकच असावा, आणि तो आमच्या नशिबी साहेब म्हणून आला होता. डॉ. नाटेकर मूळचे वाईचे, पक्के शाकाहारी. धोतर सावरत ते टोपलीपुढे उकिडवे बसत, माशाचं पोट अंगठ्यानं हलकेच दाबून बघत आणि पुढच्या टोपलीकडे सरकत. "आबार एशेछेन!" आले परत, म्हणत मासेवाले कपाळाला हात लावत.

गोड्या पाण्यातल्या माशांवर त्यांनी सारी नोकरी काढली. मी त्याच खात्यात पाणी तपासायचो. ऑफिस एस्प्लनेडला, तळी लांब, बजबज गावाच्या पुढे. त्या जाण्यायेण्यानंच आम्ही दोघं म्हातारे झालो असं मला वाटतं. उन्हात तळ्याकाठी बसून जीव आंबला की मी विचारायचो, "साहेब, यातून काही निघेल का हो?" ते म्हणायचे, "ते माशाला विचारा. मी पगार घेतो तो वाट बघण्याचा."

वाट कसली, तर रोहूच्या विणीची. बंद तळ्यात रोहूच्या पोटात अंडी भरतात, पण ती अंडी घालत नाही. तिला वाहती नदीच लागते. म्हणून सारं मत्स्यबीज नदीतून धरून मडक्यांतून आणावं लागे. नाटेकरांचं म्हणणं, आषाढात पावसाचं नवं पाणी तळ्यातून खेळतं ठेवलं तर ती तिथंही विणेल. मागच्या तळ्यात त्यांनी एक मादी पिलापासून वाढवली होती. ओळखू यावी म्हणून तिच्या शेपटीला खाच पाडली होती. त्या वर्षी ती अंड्यांनी जड झाली. दुसरी वाढवायला तीन-चार पावसाळे हवेत, आणि साहेबांच्या नोकरीचा हाच शेवटचा पावसाळा होता. आयुष्यात प्रथमच मी त्यांना शीळ वाजवताना ऐकलं.

त्याच आषाढात आमच्या हेडक्लार्क घोषबाबूंच्या मुलाचं लग्न निघालं. खुशीत असलेले साहेब म्हणाले, "मासा बाजारातून कशाला? आपल्या तळ्यातला न्या." त्यांच्या लेखी त्यात मागचं तळं येतच नव्हतं. हे का सांगायला हवं, असंच त्यांना वाटलं असणार. पण शाकाहारी माणसाला कुठून कळणार, की बंगाल्याच्या घरी लग्नाचा मासा म्हणजे नुसता मासा नसतो! हळदीच्या दिवशी तो नवऱ्यामुलाकडून मुलीच्या घरी नटूनथटून जातो, आणि तो सगळ्यांत थोरला असावा लागतो.

हळदीच्या सकाळी आम्ही घोषबाबूंकडे पोचलो. अंगणात बायकांचा घोळका होता. मधे केळीच्या पानावर एक भलीमोठी रोहू, तिला लाल रेशमी तुकड्याची साडी, नाकात नथ, तोंडात विडा. घोषबाबूंच्या पत्नी तिच्या कपाळी कुंकवासारखा शेंदूर लावत होत्या. तिचे कल्ले अजून हलत होते आणि पदराखालून शेपटी बाहेर आली होती. खाच मला दिसली. साहेबांनाही दिसली, कारण त्यांनी माझा दंड धरला तो सोडेचनात.

"केमोन माछ, नाटेकरबाबू?" घोषबाबूंनी कौतुकानं विचारलं.

साहेब उकिडवे बसले. सवयीनं पोटावर अंगठा ठेवला. "खूब भालो," ते म्हणाले. "पेट भोरा डिम."

पोट अंड्यांनी भरलेलं आहे हे ऐकून बायकांनी जीभ हलवत मंगल उलूध्वनी केला. साहेब मिठाई खाऊन उठले. परतताना ते खिडकीबाहेर बघत होते आणि माझा मात्र संतापानं जीव जात होता. एवढी वर्षं उन्हातान्हात मुरलेला माणूस, आणि एक शब्द नाही!

पुढच्या वैशाखात ते निवृत्त झाले. हावड्याला पोचवायला मी होतो, घोषबाबू होते, त्यांची सूनही आली होती. तिनं वाकून नमस्कार केला. साहेबांनी डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग घोषबाबू सुनेला घेऊन चहा आणायला गेले. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीत? मासा दुसरा आणता आला असता."

साहेब थकल्यासारखे हसले.

"अहो, वहिनींनी तिला कुंकू लावलं होतं," ते म्हणाले. "कुंकू लागलेली मुलगी कोणी परत मागतं का?"